गाडीचं दावं

टाकीत पाणी किती उरलं ते काठीने ठोकून सांगायचं, एवढं एक काम दादांनी या देशात आल्यावर आपणहून अंगावर घेतलं होतं. रोज सकाळी चहा झाला की ते घरामागच्या पत्र्याच्या टाकीपाशी जायचे आणि खालून वर ठोकत जायचे. पाणी असेल तिथवर आवाज दबका यायचा आणि पाणी संपलं की पत्रा वाजायला लागायचा. नोव्हेंबरच्या त्या सोमवारी त्यांची काठी गुडघ्याच्या वर गेलीच नाही.

"चार बोटं उतरलं गं कालच्यापरीस," ते सुनेला म्हणाले.

"पाच असतील दादा. काल शाल्मलीने केस धुतलेत," नीरजा म्हणाली आणि कॅन उचलायला लागली.

रोझवूड गाव ओलांडून पंधरा मिनिटं गेलं की त्यांची पाच एकर जमीन लागायची. सहा वर्षांपूर्वी दादांचा मुलगा श्रीनाथ आणि नीरजा शहराकडचं, स्प्रिंगफील्ड लेक्समधलं घर विकून लेक शाल्मलीसह इथे आले, तेव्हा सगळ्या मित्रमंडळींनी येऊन पिकनिक केली होती आणि काय मज्जा आहे तुमची, असं म्हणून संध्याकाळी आपापल्या नळाच्या पाण्याकडे परत गेली होती. श्रीनाथ इप्सविचला इंजिनियर होता, रेल्वेच्या डब्यांच्या ब्रेकवर काम करायचा. नीरजाने पुण्यातून आणलेली सॉफ्टवेअरची नोकरी सोडून कढीपत्ता लावला होता. सहा ओळी, ओळीला पस्तीस झाडं, म्हणजे दोनशे दहा. ब्रिस्बेनभरच्या देशी दुकानांत तिची पानं जायची. सहा वर्षं तिने ही झाडं पोरांसारखी वाढवली होती, आणि यंदा ती डोळ्यांदेखत मरायला लागली होती.

पाऊस मार्चपासून नव्हता. बोअरचं पाणी खाली गेलं आणि खारट झालं. ते घातलं की पानांच्या कडा करपायच्या. टँकरवाल्याकडे अठरा दिवसांची रांग होती. नवीन खोल बोअर मारायची तर ड्रिलरची गाडी वीस तारखेला या भागात येणार होती आणि शनिवार संध्याकाळपर्यंत निम्मे पैसे भरले तर त्यांचा नंबर पक्का होता. नाही भरले तर मग एकदम मार्च. मार्चपर्यंत झाडं कुठली राहतात! तेवढे पैसे घरात उभे होते, पण ते चार चाकांवर उभे होते.

शेडमध्ये श्रीनाथची गाडी होती. १९७१ची फोर्ड एफ-२५०, अमेरिकन पिकअप, चारही चाकं ओढणारी, स्टीअरिंग डावीकडे. पोपटी रंग, मधून मलईसारखा पांढरा पट्टा, उंची एवढी की आत चढायला नीरजाला दाराची कड धरावी लागायची. आठ वर्षांपूर्वी ती ॲरिझोनाहून आली तेव्हा नुसता गंजका सांगाडा होता आणि सीटमध्ये उंदरांचं घरटं होतं. श्रीनाथने तिचा प्रत्येक नट सोडवला, घासला, परत बसवला. नोकरी करून, शनिवार-रविवार घालवून, पाठ मोडून. हौसेला मोल नसतं म्हणतात ते खरं आहे, पण हौसेला पाठ असते आणि ती दुखते. आता तो सेहेचाळीस वर्षांचा होता आणि गाडीखालून उठताना म्हाताऱ्यासारखा हात टेकायचा.

गाडी विकायचा निर्णय त्यानेच घेतला. कोणी मागे लागलं नव्हतं. "झाडं जातील त्यापेक्षा गाडी गेलेली बरी," असं एका रात्री जेवताना तो म्हणाला आणि परत भात मागितला. नीरजाने त्याला भात वाढला आणि पुढे काही विचारलं नाही. विचारलं असतं तर दोघांनाही रडू आलं असतं.

पण विकायला काढल्यावर तर ती गाडी जास्तच सोवळी झाली. कौन्सिलच्या नळावरून वीस-वीस लिटरचे बारा कॅन कोरोलात घालून आणायचे, डिकीत आठ, मागच्या सीटवर चार. असे रोजचे तीन हेलपाटे व्हायचे. कोरोलाची मागची चाकं बसायची, सीटला कुबट वास यायचा, नीरजाच्या बोटांच्या पेरांवर कॅनच्या कडीचे घट्टे पडले होते.

"एक टन उचलणारी गाडी सावलीत उभी आहे, आणि आपण पाणी आणतोय कोरोलातून," ती त्या सोमवारी म्हणाली.

"नवा रंग आहे हौद्यात. एक ओरखडा पडला तर माणूस दोन हजार कमी करतो."

"माहितीये रे. मी नुसतं म्हणतेय."

"म्हण," श्रीनाथ म्हणाला आणि शेवटचे दोन कॅन त्याने उचलले.

गाडी बघायला माणसं येत होती. नीरजा प्रत्येकासाठी पोहे करायची. पहिल्याच्या वेळी श्रीनाथ म्हणाला होता, "अगं, हे लोक पोहे खात नाहीत," तर ती म्हणाली, "दारात आलेल्या माणसाला नुसतं लोखंड दाखवायचं का?" पहिल्याने पोहे खाल्ले, दोनदा मागून घेतले आणि गाडीच्या बदल्यात जेट-स्की, म्हणजे तळ्यात पळवायची पाण्यावरची स्कूटर, देऊ केली. पाणीच नाही तिथे पाण्यावरची स्कूटर घेऊन काय करायचं, हे दादांना शेवटपर्यंत कळलं नाही. दुसरा फाटकातूनच बघून गेला. तिसऱ्याने लोहचुंबक आणलं होतं. रंगाखाली लांबी भरलीये का ते बघायला तो ते दारांवर, बॉनेटवर सरकवत होता आणि श्रीनाथ त्याच्या मागे मागे हात बांधून चालत होता. एवढं करून तो म्हणाला, "काम चांगलंय. कोणाकडून करून घेतलंत?"

"आय डिड इट," श्रीनाथ म्हणाला.

"नो, बट हू डिड द पेंट?"

"आय डिड."

तो माणूस हसला आणि चुंबक खिशात टाकून गेला.

त्यानंतर मंगळवारी ग्लेनचा फोन आला. हा रोमाच्या बाजूचा, पाच तासांवरचा. गुरं पाळायचा आणि जुन्या अमेरिकन गाड्या जमवायचा. त्याने किमतीबद्दल अवाक्षर काढलं नाही. त्याने विचारलं ते ड्रायव्हरच्या दाराच्या कडेला असलेल्या छोट्या पट्टीबद्दल. अॅल्युमिनियमची, पोस्टकार्डापेक्षा लहान, तिच्यावर गाडीचा नंबर, इंजिनचा आणि रंगाचा कोड ठोकलेला. ती कारखान्यातलीच आहे का? रिव्हेट कारखान्यातलेच आहेत का?

श्रीनाथचा आवाज किती दिवसांनी मोकळा झाला. त्याने सांगितलं की रंग देताना सुद्धा पट्टी काढली नाही, चिकटपट्टी लावून झाकली. आठ वर्षांत तिला स्क्रूड्रायव्हर लागलेला नाही. लगेच फोटो काढून पाठवले. ग्लेनने दहा मिनिटांनी उत्तर पाठवलं: शनिवारी दुपारी ट्रेलर आणि पूर्ण पैसे घेऊन येतो.

त्या दिवशी जेवताना सगळ्यांना दोन घास जास्त गेले. शाल्मलीने आपल्या आजोबांना समजावून सांगितलं, "आबा, दॅट्स इट. सॅटर्डेला ही इज टेकिंग इट."

"म्हंजे बैल गेला म्हणायचा," दादा म्हणाले.

"हो," श्रीनाथ हसून म्हणाला, "बैल गेला."

दादा भोर तालुक्यातले. जन्म शेतीत गेला, सहा बैलजोड्या त्यांच्या हातांखालून गेल्या. बायको वारल्यावर दीड वर्षापूर्वी मुलाने इथे आणलं. इथे त्यांना कामच नव्हतं. नळ आणि गॅस त्यांना उलटे वाटायचे आणि बाहेर पडलं तर मैलभर माणूस दिसायचं नाही. त्यामुळे गाडी विकली जाणार म्हटल्यावर त्यांना एकदम आपल्याला कळणारी गोष्ट घडतेय असं वाटलं. जनावर विकणं त्यांना येत होतं. ते कसं विकायचं, जाताना त्याला काय खाऊ घालायचं, त्याच्या कपाळाला काय लावायचं, हे या घरात त्यांच्याशिवाय कोणाला माहीत होतं?

शनिवारी सकाळी श्रीनाथ फिटनेसचा कागद आणायला गावातल्या मेकॅनिककडे गेला. नीरजा चौथ्या ओळीत झाडांच्या मुळाशी तांब्या-तांब्याने पाणी घालत होती. पश्चिमेचा कोरडा वारा सुटला होता, ओठ फुटत होते. शाल्मली झोपली होती. दादांनी गाडी धुवायला बादलीभरसुद्धा पाणी घेतलं नाही. ओल्या फडक्याने पुसून काढली, बॉनेटवर हळद-कुंकू लावलं, गुळाचा खडा चाकापाशी ठेवला. इथवर सगळं ठीक होतं.

पण बैल विकताना घरचा माणूस बैल देतो, दावं देत नाही. घेणाऱ्याने आपला दोर आणायचा असतो. दावं दिलं तर गोठ्याची बरकत त्याच्याबरोबर जाते आणि दावण मोडते, हे दादांना त्यांच्या वडिलांनी सांगितलं होतं आणि त्यांनी सहाही वेळा पाळलं होतं. आता गाडीला कुठलं दावं? त्यांनी खूप विचार केला. आरसा काढावा तर आरसा लागतो. किल्ली ठेवून घ्यावी तर गाडी चालायची नाही. घेणाऱ्याचं काही अडता कामा नये, त्याला फसवायचं नव्हतं. शेवटी त्यांना दाराच्या कडेची ती पट्टी दिसली. बोटभर पत्रा, दोन रिव्हेट. ती नसल्याने गाडीचं काहीच अडत नव्हतं. आयुष्यभर विहिरीवरचे पंप उघडलेल्या माणसाला दोन रिव्हेट म्हणजे काय! श्रीनाथचं बॅटरीचं ड्रिल समोर टांगलेलं होतं. ड्रिलचा आवाज नीरजाच्या कानावर आला तेव्हा तिला वाटलं शेजारच्या कुंपणाचं काम चाललंय.

दादांनी पट्टी पुसली, हळद-कुंकू लावून देव्हाऱ्यात ठेवली आणि समाधानाने चहा मागितला.

ग्लेन साडेबाराला आला. लांब पायांचा, साठीचा माणूस, टोपीची कड घामाने काळी झालेली. त्याच्या मागे दोन आसांचा ट्रेलर होता. त्याने सगळ्यांशी हात मिळवले, दादांशीसुद्धा, टोपी काढून. बॉनेटवरचं हळद-कुंकू त्याने वाकून पाहिलं. शेडमध्ये शिरला आणि नुसता उभा राहिला.

"यू डन धिस? ऑन युअर ओन?"

"येस."

"ब्लडी हेल," ग्लेन हळूच म्हणाला. श्रीनाथला ते वाक्य आठ वर्षांची मजुरी मिळाल्यासारखं वाटलं.

इंजिन एका झटक्यात सुरू झालं. ग्लेनने डोकं वाकवून ऐकलं, खाली झोपून बघितलं, उठून पँट झटकली. मग तो ड्रायव्हरच्या दाराशी गेला, दार उघडलं आणि वाकला. बराच वेळ तो तसाच वाकलेला राहिला.

"व्हेअर्स द प्लेट, मेट?"

श्रीनाथ म्हणाला, तिथेच आहे की. आणि मग त्यानेही पाहिलं. पोपटी रंगात एक चौकोन होता, मूळ फिक्या हिरव्याचा, आणि दोन चकचकीत भोकं. भोकांच्या कडेला अॅल्युमिनियमचा कीस अजून चिकटलेला होता. श्रीनाथ गाडीखाली बघायला लागला, सीटखाली, मग जमिनीवर, मूर्खासारखा, जणू पट्टी आपणहून गळून पडली असावी.

"मंगळवारी होती," तो इंग्रजीत म्हणत राहिला, "मी फोटो पाठवले, तुम्ही पाहिलेत ना? मंगळवारी होती."

ग्लेन एक पाऊल मागे सरकला होता. ते एक पाऊल नीरजाने पाहिलं आणि तिला लाज वाटली, का ते तिलाही कळेना. चोरीच्या गाडीची पट्टी काढतात, दुसऱ्या गाडीची लावतात, हे त्या धंद्यात सगळ्यांना माहीत असतं.

तेवढ्यात दादा घरातून आले. हातात ताम्हण, त्यात नारळ, साखर आणि मधोमध ती पट्टी, कुंकवाने माखलेली. चेहरा अगदी आनंदी. त्यांना वाटलं सौदा झाला.

"शाल्मली, सांग त्यास्नी," ते म्हणाले, "म्हणावं गाडी तुमची, दावं आमचं. देवापाशी ठेवलंय."

मग शाल्मलीनेच, पंधरा वर्षांच्या पोरीने, गळा साफ करून सांगितलं. सांगताना ती रडवेली झाली. आजोबांच्या गावी बैल विकला की दोर ठेवून घेतात. नाहीतर नशीब जातं. त्यांना माहीत नव्हतं. ही डिडन्ट नो, ही थॉट इट वॉज द रोप.

ग्लेनने पट्टी हातात घेतली, अंगठ्याने कुंकू पुसलं, नंबर वाचला. परत गाडीखाली शिरून सांगाड्यावर ठोकलेला नंबर पाहिला. दोन्ही एकच होते. तो बाहेर आला, पट्टी ताम्हणात जपून ठेवली.

"आमच्याकडे दोर जनावराबरोबर जातो," तो दादांकडे बघून म्हणाला. शाल्मलीने मराठीत सांगितलं. दादांनी मान हलवली, त्यांना अजून कळलं नव्हतं.

मग तो श्रीनाथला म्हणाला की माझा तुझ्यावर विश्वास आहे. नंबर जुळतात, गाडी खरी आहे. पण पट्टी एकदा निघाली ती निघाली. नवीन रिव्हेट मारले तरी ते दिसणार. मी मेल्यावर माझी पोरं ही गाडी विकतील तेव्हा घेणारा त्यांच्याकडे तसंच बघेल, जसं मी आत्ता तुझ्याकडे पाहिलं. "सॉरी, मेट. आय कान्ट."

श्रीनाथने किंमत उतरवली. एकदा, मग परत एकदा. दुसऱ्यांदा तो बोलत असताना नीरजाने मान वळवली. ग्लेनने दोन्ही वेळा मान हलवून नाही म्हटलं, पोह्यांची बशी संपवली, टोपी घातली आणि निघाला. रिकामा ट्रेलर खडीच्या रस्त्यावर केवढ्यांदा वाजत होता, फाटकाबाहेर गेल्यावरही ऐकू येत होता.

दादा ताम्हण धरून उभे. "काय झालं? किंमत पटली न्हाई का?"

श्रीनाथ त्यांच्याकडे वळला. एरवी तो ओरडणारा माणूस नव्हता.

"आठ वर्षं दादा! आठ वर्षं मी त्या पट्टीला धक्का लागू दिला नाही! विचारायचं तरी! तोंड होतं ना? विचारायचं तरी मला!"

"अरे, मला वाटलं त्या पट्टीचा काय उपेग—"

"तुम्हाला काय वाटतं ते तुमच्या गावात! इथे तुम्ही कशाला हात लावू नका. कळलं? या घरात यापुढे कशालाच हात लावू नका."

"श्री," नीरजा म्हणाली. पण बोलून झालं होतं.

संध्याकाळी पाच वाजता नीरजाने ड्रिलरला फोन करून नंबर सोडला. बाई फोनवर फार गोड बोलली, नो वरीज म्हणाली, मार्चमध्ये सोळा तारीख देते म्हणाली. नीरजाने ती लिहून घेतली. दुष्काळात तेरावा महिना कसा असतो ते तिला नीटच कळलं.

रविवारी सकाळी टाकीवर काठी वाजली नाही. नीरजाने खिडकीतून बघितलं तर दादा अंगणात खुर्चीवर बसले होते, हात मांडीवर ठेवून. काठी टाकीला टेकवलेली होती तशीच. तिला वाटलं रुसलेत, होतील बरे. पण मग तिच्या लक्षात यायला लागलं. ते फ्रिज उघडत नव्हते. पंख्याचं बटण दाबत नव्हते, घामाघूम होऊन बसायचे आणि शाल्मली शाळेतून आली की तिला सांगायचे, "बाळा, जरा लावतीस का?" चहाचा कप कोणी हातात दिला तर घ्यायचे, ओट्यावर ठेवलेला असला तर गार होऊ द्यायचे. मुलाने सांगितलं ते ते अक्षरशः पाळत होते, आणि त्यात रागाचा लवलेश नव्हता, तेच वाईट होतं.

"दादा, असं काय करता? घ्या ना कप," नीरजा म्हणाली.

"असू दे. माझ्या हातून काय तरी व्हायचं आणि."

तिने ते श्रीनाथला सांगितलं. तो म्हणाला, "मी काय करू मग?" आणि बूट घालून कामावर गेला. त्याचा राग कधीच उतरला होता. पण बोललेले शब्द परत कसे घ्यायचे ते त्याला येत नव्हतं. बापाची माफी मागण्याची त्या घराण्यात पद्धत नव्हती. दोघं सहा दिवस एकमेकांशी बोलले नाहीत.

बुधवारी नीरजाने मोठी कात्री काढली. दोनशे दहा झाडं जगवण्याइतकं पाणी नव्हतं. दोन ओळींपुरतं होतं. बाकीच्या चार ओळी गुडघ्यापासून छाटून टाकल्या तर खोडं तग धरतील, पाऊस आला तर कदाचित फुटतील. कदाचित. तिने सहा वाजता सुरुवात केली. फांदी धरायची, दोन्ही हातांनी कात्री मिटायची, पुढच्या झाडाकडे सरकायचं. नऊपर्यंत तळहाताला फोड आले, दहापर्यंत फुटले. छाटलेल्या पानांचा वास उन्हात एवढा सुटला की सबंध आवारात कोणीतरी फोडणी देतंय असं वाटत होतं. तिला तो वास नकोसा झाला. तिसऱ्या ओळीच्या मध्यात ती खाली मातीत बसली आणि मोठ्याने रडली. जवळ कोणी नव्हतं, त्यामुळे आवरायची गरज नव्हती. मग उठली आणि उरलेली छाटली.

संध्याकाळी श्रीनाथ आला. गाडीतून उतरून तो ओळींकडे बघत उभा राहिला. एकशेचाळीस खुंट.

"उरलेल्या दोन ओळींना रोज हजार लिटर तरी लागेल," नीरजा म्हणाली. तिचे हात कापडाने बांधलेले होते. "मी आता कॅन उचलू शकणार नाही."

तो मान हलवून आत गेला.

शनिवारी सकाळी त्याने लोखंडी पिंजऱ्यात बसवलेली हजार लिटरची प्लॅस्टिकची टाकी शेजाऱ्याकडून मागून आणली आणि ती पिकअपच्या हौद्यात चढवली. चढवताना खालची लोखंडी चौकट नव्या रंगावरून घसरली. आवाज ऐकून त्याने डोळे मिटून घेतले. उघडल्यावर पाहिलं तर हातभर लांब ओरखडा होता, आत पांढरं लोखंड दिसत होतं. त्याने पट्टे आवळले. निघताना नीरजा दादांना घेऊन आली.

"यांना ने. सहा दिवस एका खुर्चीत बसलेत."

श्रीनाथने उजवीकडचं दार उघडलं. दादांनी दाराला हात न लावता चढायचा प्रयत्न केला. एवढ्या उंच गाडीत ते कसं जमणार? शेवटी नीरजाने त्यांना कोपराला धरून वर ढकललं. रस्ताभर ते उजव्या सीटवर बसले होते, समोर ना स्टीअरिंग ना ब्रेक, हात मांडीवर.

कौन्सिलच्या नळावर तीन गाड्या पुढे होत्या. ऊन तापलं होतं, काच खाली करून दोघं समोर बघत बसले होते. मागून एक बाई आली, पन्नाशीची, गमबूट घातलेली. तिच्या गाडीलाही टाकी होती. ती पिकअपच्या भोवती एक चक्कर मारून दादांच्या खिडकीपाशी थांबली. मागच्या काचेवर विक्रीची पाटी अजून तशीच होती, काढायचं श्रीनाथला सुचलंच नव्हतं.

"शी'ज ब्युटिफुल. स्टिल फॉर सेल?"

श्रीनाथ नाही म्हणणार होता. त्याच्यात आता कोणाला काही दाखवायची, सांगायची ताकद नव्हती. पण त्याच्या आधी दादा बोलले. दीड वर्षात त्यांनी या देशातल्या माणसाशी थँक्यूच्या पलीकडे एक अक्षर बोललेलं त्याने ऐकलं नव्हतं.

"येस. सेल," दादा म्हणाले. पाठ केलेलं म्हणतात तसं ते एक एक शब्द ठेवत गेले. "गुड ट्रक. माय सन मेक. एट इयर्स. ऑल हिज हँड. वन प्रॉब्लेम. डोअर प्लेट, आय टेक आउट. नॉट माय सन. माय सन नो मिस्टेक. ओन्ली मी."

बाईला सगळं कळलं नसावं. तिने श्रीनाथकडे पाहिलं, परत दादांकडे. "गुड ऑन यू, लव्ह," ती म्हणाली, मी नवऱ्याला सांगून बघते म्हणाली, आणि आपल्या गाडीकडे गेली.

गेले चार दिवस संध्याकाळी पडवीत आजोबा आणि नात काय पुटपुटत बसतात ते श्रीनाथला आत्ता कळलं. त्याला वाटायचं शाल्मली शाळेची कविता म्हणतेय. आपण या माणसाला काय बोललो, कुठल्या तोंडाने बोललो, असं त्याला झालं. पण पुढची गाडी सरकली आणि त्याला नळापाशी गाडी घ्यावी लागली.

तो उतरला, हौद्यात चढला, टाकीचं झाकण उघडलं. पाइप जाड होता आणि पाणी सुटलं की उसळायचा. एकाने वर तोंड धरायचं, एकाने खाली वेटोळी सोडवायची, असं दोन माणसांचं ते काम होतं. गेले महिनाभर कॅन भरताना दुसरं माणूस नीरजा असायची.

"दादा," तो वरून म्हणाला. आवाज नीट निघाला नाही म्हणून परत म्हणाला, "दादा, खाली या. पाइप धरा जरा."

दादा दारातून खाली उतरले, सावकाश, आधी एक पाय मग दुसरा. पाइपपाशी येऊन उभे राहिले. वर मुलाकडे बघितलं.

"लावू हात?" त्यांनी विचारलं.

"लावा," श्रीनाथ म्हणाला. "लावा दादा."